‘ओनामा’ शब्दाचें मूळ आणि त्यावरून काढलेलें एक अनुमान

‘अमक्या विषयाचा त्यानें आतां कोठें ओनामा केला आहे’, अथवा ‘त्याला व्याकरणाचा ओनामाहि ठाऊक नाहीं’ असें आपण नित्य बोलतों. हा शब्द ‘ॐ नमः सिद्धम्’ या मंगलवाक्याचा अवशेष होय, याविषयीं वाद असण्याचें कारण नाहीं. गांवठी शाळेंत मुलाला धुळाक्षरें घालून देण्यापूर्वीं पंतोजी हें वाक्य त्याच्याकडून म्हणवून घेत आणि गिरवून घेत. शब्दाची व्युत्पत्ति येणेंप्रमाणें सरळ आहे. वाद आहे तो वाक्यावरून काढल्या जाणाऱ्या ऐतिहासिक अनुमानाचा, व प्रस्तुत लेखांत त्याचेंच परीक्षण करावयाचें आहे.

तें अनुमान असें. दक्षिणेंत मुलाचें शिक्षण ‘श्रीगणेशाय नमः’ या वाक्यानें सुरू होतें, हें हिंदु समाजांत स्वाभाविकच आहे. परंतु त्याच्या पाठोपाठ ‘ॐ नमः सिद्धम्’ हें वाक्य येतें. सिद्ध म्हणजे जैनांच्या पंचपरमेष्ठींपैकीं दुसरे. तेव्हां हें वाक्य जैनांचें. ज्या अर्थीं जैन धर्माचा ऱ्हास झाल्यावरहि हिंदूंचीं मुलें तें म्हणत राहिलीं, त्या अर्थीं राष्ट्रकूटांच्या काळीं बहुजनांचें प्राथमिक शिक्षण पूर्णपणें जैन गुरूंच्या हातीं असलें पाहिजे. भारताचार्य चिंतामण विनायक वैद्य यांनीं मध्ययुगीन भारताच्या इतिहासांत ही कल्पना मांडली व डॉ. अनंत सदाशिव अळतेकर यांनीं राष्ट्रकूटांवरील आपल्या 1934 च्या इंग्रजी ग्रंथांत ती वैद्यांच्या नांवानिशीं स्वीकारली. तेव्हांपासून तिला जवळ जवळ सिद्धांताचें स्वरूप आलें असून दक्षिणेंतील जैन धर्माविषयीं लिहिणारे पुष्कळ लेखक ती पुन्हा तपासून न पाहतां उतरून घेतात.

दोघांहि विद्वानांची योग्यता मोठी आहे. शिवाय अनुमान अगदींच निराधार आहे, असेंहि नाहीं. अमोघवर्षाच्या दरबारीं जिनसेनासारख्या आचार्याचा मान होता. वेरुळास इंद्रसभेसारखीं जैन लेणीं त्याच राजवंशाच्या काळांत कोरलीं गेलीं. कर्नाटकांत जैन मुनींनीं व्याकरण, गणित, काव्य या सर्व विद्यांत जें काम केलें त्याला तोड नाहीं. त्यांनीं मुलांनाहि शिकविलें असेल, यांत नवल तें काय? परंतु ‘शिकविलें असेल’ आणि ‘हा शब्द तेंच सिद्ध करतो’ यांत अंतर आहे. एका शब्दावरून साऱ्या समाजाच्या शिक्षणाचा इतिहास उभारावयाचा तर तो शब्द प्रथम सर्व बाजूंनीं ठोकून पाहिला पाहिजे.

प्रथम वाक्याचें व्याकरण पाहूं. ‘नमः’ या अव्ययाच्या योगें चतुर्थी येते, हा पाणिनीचा नियम (2.3.16) संस्कृताच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासहि पाठ असतो. सिद्धांना नमस्कार करावयाचा तर ‘नमः सिद्धेभ्यः’ असें पाहिजे. एकाच सिद्धाला करावयाचा तर ‘नमः सिद्धाय’. ‘नमः सिद्धम्’ हें कोणत्याच रीतीनें बसत नाहीं. ‘नमस्कृत्य’सारख्या क्रियारूपाच्या योगें द्वितीया चालते, म्हणून येथें क्रियापद अध्याहृत धरावें, अशी पळवाट कोणी काढील. पण मग एकवचन कां? जैनांच्या नमस्कारमंत्रांत सिद्धांचा उल्लेख बहुवचनी आहे. खारवेलाच्या हाथीगुंफा लेखाच्या आरंभीं ‘सवसिधानं’ असें बहुवचनच आहे. जैन पोथ्यांच्या माथ्यावर ‘ॐ नमः सिद्धेभ्यः’ असें शुद्ध चतुर्थ्यंत रूप सर्रास आढळतें, हें ज्यांनीं जैन भांडारांतील पोथ्या हाताळल्या आहेत त्यांना सांगावयास नको. म्हणजे जैन लेखक आपल्या मनानें सिद्धांना वंदन करतो तेव्हां तो बहुवचन आणि योग्य विभक्ति वापरतो. मुलांच्या पाटीवरचें वाक्य तेवढें ‘सिद्धम्’ या रूपाला घट्ट धरून बसलें आहे. ज्याला व्याकरण येतें त्यानें नवीन वाक्य रचतांना अशी चूक करावी, याहून ‘सिद्धम्’ हा शब्द त्याला आयता, न बदलतां येण्याजोगा मिळाला होता, असें मानणें अधिक सयुक्तिक होय.

तो आयता कोठून मिळाला, याचें उत्तर आमच्याच डोंगरांत कोरलेलें आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतील उषवदाताचा प्रसिद्ध लेख ‘सिद्धम्’ या एका शब्दानें सुरू होतो आणि लगेच ‘राजा क्षहरात क्षत्रप नहपान याचा जांवई’ हें वर्णन लागतें. त्याच लेण्यांच्या समूहांतील वासिष्ठीपुत्र पुळुमावीचा एकोणिसाव्या वर्षाचा लेख घ्या, आरंभीं ‘सिधं’. कार्ले आणि कान्हेरी येथील लेखांतहि तोच शब्द भेटतो. शके 72 चा रुद्रदाम्याचा गिरनारचा लेख तळ्याच्या बांधाविषयीं आहे, धर्माशीं त्याचा साक्षात् संबंध नाहीं. तरी आरंभ ‘सिद्धं’ असाच. मथुरेच्या कंकाली टिळ्यांतून निघालेल्या जैन मूर्तींच्या पीठांवरहि ‘सिद्धम्’ हा शब्द पुष्कळदां आढळतो, आणि विशेष हें कीं जेथें अर्हंताला नमस्कार आहे तेथें तो ‘सिद्धम्’पासून वेगळा, स्वतंत्र वाक्य म्हणून येतो. तालगुंद येथील कदंबांच्या पांचव्या शतकांतील स्तंभलेखांत ‘सिद्धम्’ आहे व त्यापुढें शिवाला नमस्कार आहे. मंदसोरचा मालव संवत् 493 व 529 हीं वर्षें देणारा लेख सूर्यमंदिराचा असून त्याच्याहि माथ्यावर हाच शब्द आहे.

या सर्वांत उषवदाताचा लेख आम्हांस विशेष बोलका वाटतो. त्यांत त्यानें ब्राह्मणांना तीन लक्ष गाई दिल्या, देवांना आणि ब्राह्मणांना सोळा गांवें दिलीं, वर्षास एक लक्ष ब्राह्मणांना भोजन घातलें, असें सांगितलें आहे. आणि शेवटीं लेणें मात्र बौद्ध भिक्षूंना अर्पण केलें आहे. ब्राह्मणांचें दान आणि बौद्धांचें दान, दोहोंच्या वर एकच ‘सिद्धम्’. हा शब्द जर कोणा एका पंथाचा शिक्का असता तर या दात्यानें तो अशा मिश्र लेखाच्या माथ्यावर घातला नसता. तेथें त्याचा अर्थ केवळ ‘कार्य सिद्धीस गेलें, सिद्धि असो’ एवढाच आहे. तो लेखकाचा आणि पाथरवटाचा शब्द आहे. देवाचा किंवा तीर्थंकराचा नव्हे.

व्याकरणकारांचीहि साक्ष याच बाजूची आहे. कात्यायनानें आपल्या वार्तिकांच्या आरंभीं ‘नित्य’ हा शब्द न घालतां ‘सिद्ध’ हा शब्द कां घातला, असा प्रश्न महाभाष्याच्या पहिल्याच आह्निकांत पतंजलीनें उपस्थित केला आहे. त्याच्या समाधानाचा सारांश असा कीं आचार्यानें मंगलासाठीं तो शब्द आरंभीं योजिला. ज्या शास्त्रांच्या आरंभीं मंगल असतें तीं पसरतात आणि त्यांचे अध्येते सिद्धार्थ होतात. इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांत, पाणिनीय परंपरेच्या ऐन गाभ्यांत, ‘सिद्ध’ हा शब्द ग्रंथारंभीं मंगल म्हणून मान्य होता, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? पुढें कातंत्र व्याकरणाच्या पहिल्या सूत्राचा पहिला शब्दहि तोच. त्या सूत्रांत वर्णसमाम्नाय म्हणजे अक्षरांची परंपरागत मांडणी ‘सिद्ध’ आहे, असें सांगितलें आहे. येथें मंगल आणि वर्णमाला यांची गांठ प्रत्यक्ष पडलेली दिसते.

या कातंत्राची कथा महाराष्ट्रीयांना जवळची आहे. सोमदेवाच्या कथासरित्सागरांत प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा, सातवाहन राजा जलक्रीडा करीत असतां राणी त्याला ‘पाण्यानें मारूं नका’ अशा अर्थाचें संस्कृत बोलते. राजाला संधि न उमगल्यामुळें तो लाडू मागवितो आणि फजीत होतो. मग सहा महिन्यांत व्याकरण शिकविण्याची पैज शर्ववर्मा मारतो, कार्तिकेयाची आराधना करतो, आणि तें पहिलें सूत्र स्वतः कार्तिकेयाच्या मुखांतून बाहेर पडतें. कथा ती कथाच. तिच्यावरून सातवाहनांचा इतिहास लिहूं नये. पण अकराव्या शतकांतील काश्मिरी पंडिताच्या दृष्टीनें ‘सिद्ध’ या शब्दानें आरंभ होणारें अक्षरसूत्र शिवपुत्राकडून आलेलें होतें, एवढें तिच्यावरून निःसंशय कळतें. याच कातंत्रावर जैनांनीं वृत्ति लिहिल्या, बौद्धांनीं तें तिबेटांत नेलें. राजस्थानकडील जुन्या पाठशाळांत त्याचीं आरंभींचीं सूत्रें मुलें अपभ्रष्ट रूपांत, अर्थ न कळतां, घोकीत असत. आमच्याकडे ‘ओनामा’ उरला, तिकडे त्याच्या जोडीला सूत्रहि उरलें, एवढाच फरक.

आतां शाळेंतला पुरावा पाहूं, कारण वैद्यांचें अनुमान शाळेविषयीं आहे. चिनी यात्रिक इत्सिंग हा 671 त स्वदेशाहून निघाला व 695 त परतला. मुलांच्या पहिल्या पुस्तकाचें नांव त्यानें ‘सिद्ध’ या शब्दावरूनच दिलें असून ‘सिद्धिरस्तु’ असेंहि त्यास म्हणतात, असें नमूद केलें आहे. त्यांत 49 वर्ण, त्यांच्या जोडाक्षरांचीं 18 प्रकरणें, एकूण 10,000 हून अधिक अक्षरें. सहाव्या वर्षीं मूल तें हातीं घेतें व सहा महिन्यांत संपवितें, असें तो सांगतो. आणि तें मुळांत कोणीं शिकविलें म्हणतात? महेश्वरानें. इत्सिंग स्वतः कट्टर बौद्ध. त्याला तें बुद्धाचें म्हणावयास कोणाची हरकत नव्हती. जैनांचें असतें तर तसें लिहावयासहि कांहीं अडचण नव्हती. त्यानें लोकांत ऐकलें तें लिहिलें. त्याच्याआधीं येऊन गेलेला ह्युएनत्संग हाहि मुलांचा आरंभ ‘बारा प्रकरणां’नीं होतो, असें लिहितो. हीं बारा प्रकरणें आणि आमची बाराखडी, म्हणजे द्वादशाक्षरी, यांचा संबंध सहज सुचतो. तूर्त तो आम्ही अनुमान म्हणूनच मांडतों.

याहून मौजेची, आणि आमच्या मतें निर्णायक, साक्ष दिव्यावदानांतील चूडपंथकाच्या कथेंत आहे. चूडपंथक हा ब्राह्मणाचा मुलगा, बुद्धीनें अतिशय मंद. त्याला अक्षरें शिकविणाऱ्या गुरूकडे घातलें. गुरु ‘सिद्धम्’ शिकवूं लागला तर ‘सि’ म्हटल्यावर हा ‘द्धम्’ विसरे, आणि ‘द्धम्’ म्हटल्यावर ‘सि’ विसरे. हताश होऊन गुरूनें त्याला परत पाठविलें. मग वेद शिकविणाऱ्याकडे घातलें. तेथें ‘ॐ’ म्हटल्यावर ‘भूः’ विसरण्याची पाळी आली. कथा विनोदी आहे व पुढें हाच मंदबुद्धि मुलगा अर्हत् होतो. पण तिच्यांतील प्रासंगिक तपशील लाखमोलाचा आहे. लिपि शिकविणाऱ्याचा पहिला शब्द ‘सिद्धम्’. वेद शिकविणाऱ्याचा पहिला शब्द ‘ॐ’. दोन गुरु, दोन विद्या, दोन आरंभ. मुलगा ब्राह्मणाचा, कथा बौद्धांची, आणि जैनांचा तेथें मागमूसहि नाहीं. ही कथा राष्ट्रकूटांच्या उदयापूर्वींची आहे, याविषयीं कोणासहि शंका येणार नाहीं.

‘ॐ’ आणि ‘सिद्धम्’ हे येथें अजून वेगळे आहेत, याकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. आमचें पाटीवरचें वाक्य म्हणजे या दोन आरंभांची, नमस्काराचा सांधा घालून केलेली, जोडणी होय. ती जोडणी केव्हां झाली? येथें वैद्यांच्या पक्षाला अत्यंत अनुकूल असा एक पुरावा आहे, आणि तो लपविणें अप्रामाणिकपणाचें होईल. अमोघवर्षाचा गुरु जिनसेन याच्या आदिपुराणाच्या सोळाव्या पर्वांत भगवान् ऋषभदेव आपल्या ब्राह्मी आणि सुंदरी या कन्यांना विद्या शिकवितात. त्यांच्या मुखांतून जी अक्षरांची ओळ बाहेर पडली तिचें मंगल ‘सिद्धं नमः’ हें होतें व तिचें नांव सिद्धमातृका, असें जिनसेन सांगतो. काळ नवव्या शतकाचा पूर्वार्ध, स्थळ राष्ट्रकूटांचें राज्य, ग्रंथकार जैन. वैद्यांना याहून चांगला साक्षीदार कोठें मिळणार?

परंतु साक्षीदार काय सांगतो तें नीट ऐकलें पाहिजे. अक्षरमालेच्या आरंभीं ‘सिद्धं नमः’ म्हणतात, ही गोष्ट तो नव्यानें सांगत नाहीं. वाचकाला ती ठाऊक आहे असें धरून तिचें मूळ तो ऋषभदेवांपर्यंत नेतो. पुराणकाराचें हेंच काम असतें. लोकांत रूढ असलेल्या प्रत्येक गोष्टीला, शेतीला, लिपीला, गणिताला, तो आपल्या आदिपुरुषाचा आधार देतो. सिद्धमातृका हें नांवहि जैनांचें खास नव्हे. अल्बेरूनी सुमारें 1030 त काश्मीर, काशी व कनोजकडील मध्यदेश येथें चालणाऱ्या लिपीला हेंच नांव देतो, आणि ती जैनांची असल्याचें सुचवीत नाहीं. चीन आणि जपानमधील बौद्धांनीं तर भारतीय लिपीचें नांवच ‘सिद्धम्’ करून टाकलें. आणखी एक सूक्ष्म गोष्ट: जिनसेनासारखा संस्कृतावर प्रभुत्व असलेला कवि ‘सिद्धेभ्यो नमः’ न लिहितां ‘सिद्धं नमः’ लिहितो. जें वाक्य जसें कानीं येतें तसेंच त्याला उतरावें लागलें, हाच याचा अर्थ. जिनसेन या वाक्याच्या अस्तित्वाचा साक्षी आहे. त्याचा जनक नव्हे.

हें वाक्य वेगवेगळ्या पंथांनीं कसें आपलेसें केलें, याचा आणखी पुरावा शेजारच्या भाषांत आहे. तेलुगूंत अक्षरमालेला ‘ओनमालु’ म्हणतात. तेथें मुलाच्या अक्षराभ्यासाचें वाक्य ‘ॐ नमः शिवाय सिद्धं नमः’ असें आहे. यांत जी डागडुजी झाली आहे ती पाहण्यासारखी आहे. कोणा शैवाला ‘नमः’पुढें चतुर्थी नाहीं हें खटकलें असावें, त्यानें ‘शिवाय’ घालून नमस्काराला त्याचा देव दिला, आणि उरलेल्या ‘सिद्धं’ला आणखी एक ‘नमः’ जोडून दिलें. तमिळनाडूंतील जुन्या ओसरीवरच्या शाळांत हेंच वाक्य ‘हरि नमोस्तु सिद्धम्’ असें होतें व तमिळ उच्चारांत तें ‘अरि नमोत्तु चिंतम्’ झालें. पहिल्या पुस्तकाला ‘अरिच्चुवडि’ म्हणतात तें त्यावरूनच. येथें देव विष्णु झाला. केरळांत तर ‘हरिश्री’ आणि गणपति यांनीं सर्व जागा व्यापली. शैवांनीं शिव घातला, वैष्णवांनीं हरि घातला, जैनांनीं ‘सिद्ध’ शब्दांतच आपले सिद्ध पाहिले, आमच्याकडे गणेश पुढें येऊन बसला. देवता बदलत गेल्या. तेलुगु, तमिळ, मराठी या तिन्ही वाक्यांत न बदललेला शब्द ‘सिद्धम्’ हाच. ज्या शब्दावर सर्वांचा हक्क आहे त्याच्या बळावर एकाची मालकी शाबीत होत नाहीं.

वैद्यांच्या बाजूनें कोणी म्हणेल कीं तमिळ व तेलुगु देशांतहि जैनांचा प्रभाव एके काळीं मोठा होता. तेथेंहि तें त्यांच्याकडूनच आलें असेल. असेल. परंतु मग नाशिकचा लेख, गिरनारचा लेख, महाभाष्य, चूडपंथक आणि इत्सिंग यांना हाच न्याय लावावा लागेल, आणि ज्या सिद्धांताला प्रत्येक प्रतिकूल पुराव्यामागें एक अदृश्य जैन गुरु उभा करावा लागतो त्याचें वजन किती धरावें, हें सुज्ञांनींच ठरवावें. याच्या उलट टोंकाला जाऊन हें वाक्य मूळचें शैवच, असें म्हणणारेहि भेटतात. त्यांचाहि आधार इत्सिंगच्या एका वाक्यापलीकडे आणि कथासरित्सागरापलीकडे जात नाहीं. वैद्यांच्या अनुमानांतून राखून ठेवण्यासारखें आम्हांस एवढेंच दिसतें कीं नवव्या शतकांत या देशीं अक्षरमालेच्या माथ्यावर हें मंगल होतें आणि जैनांनीं त्याला आपला अर्थ दिला. बहुजनांचे गुरु कोण होते, याचा निर्णय दुसऱ्या साधनांनीं करावा लागेल.

आतां मराठी रूपाविषयीं थोडेंसें. ‘ॐ नमः सिद्धम्’चें ‘ओनामासीधं’ झालें तें उच्चाराच्या आळसामुळें नव्हे, शिकविण्याच्या पद्धतीमुळें. पंतोजी एकेक अक्षर सुटें, हेल काढून सांगे. मुलगा तसाच हेल काढून म्हणे व धुळीवर बोट फिरवी. ‘ओ’, ‘ना’, ‘मा’, ‘सी’, ‘धं’. सुटें अक्षर हेलानें म्हटलें कीं तें दीर्घ होतें व विसर्गाला जागा राहत नाहीं. उत्तरेकडेहि नेमकें हेंच रूप झालें आणि तेथील उनाड मुलांनीं ‘धम’शीं ‘हम’चें यमक जुळवून अभ्यासाची थट्टा करणारी ओळ रचली. मराठीनें मात्र शेपूट तोडून पहिलीं तीन अक्षरें ठेवलीं. तीं ‘आ’कारान्त असल्यामुळें शब्द आपोआप पुल्लिंगी नाम झाला व ‘ओनाम्यापासून’ अशीं त्याचीं रूपें चालूं लागलीं. ‘करारनामा’, ‘जाहीरनामा’ यांतील फारसी ‘नामा’शीं त्याचा कांहीं संबंध नाहीं, हें सांगण्याची गरज पडूं नये, पण दफ्तरें वाचणाऱ्याच्या कानाला तो भास होण्याचा संभव आहे.

‘श्रीगणेशा’ या शब्दाची घडणहि अगदीं अशीच आहे. ‘श्रीगणेशाय नमः’ यांतील चतुर्थीचा ‘य’ मध्येंच तोडून ‘श्रीगणेशा’ राहिला, व ‘श्रीगणेशा करणें’ म्हणजे आरंभ करणें झालें. तेव्हां हे दोन शब्द एकाच पाटीवरचे, एकाच कात्रीनें कापलेले सख्खे भाऊ आहेत. त्यांच्या वापरांत मात्र एक भेद पडला आहे. कोणत्याहि कार्याचा श्रीगणेशा होतो, लग्नाचा, विहिरीचा, दुकानाचा. ‘ओनामा’ला अजून विद्येचा वास आहे. ‘ओनामाहि ठाऊक नाहीं’ असें आपण अडाण्याला म्हणतों, ‘श्रीगणेशाहि ठाऊक नाहीं’ असें सहसा म्हणत नाहीं. तेलुगु ‘ओनमालु’ तर आजहि अक्षरमालाच आहे. म्हणजे आरंभ हा ‘ओनामा’चा दुसरा अर्थ, पहिला अर्थ अक्षरें हाच. चूडपंथकाच्या कथेंत लिपि आणि वेद यांचे आरंभ वेगळे दिसले, त्याचा पुसट ठसा आमच्या रोजच्या बोलण्यांतहि असा उरला आहे.

या विषयाचीं अस्सल साधनें इतकीं थोडीं कां, याचें कारण उघड आहे. धुळपाटीवर गिरविलेलें अक्षर संध्याकाळपर्यंतहि टिकत नाहीं. पोथी टिकते, सनद टिकते, पण मुलानें ज्यावर पहिलें ‘ओ ना मा’ काढलें ती धूळ राहत नाहीं. म्हणून जें उरलें असेल तें दोनच ठिकाणीं सांपडण्याचा संभव. एक, पोथ्यांच्या पुठ्ठ्यांत चिकटवलेले रद्दी कागद. त्यांवर कधीं वळण गिरविलेलें असतें, कधीं बाराखडी; संग्राहक पोथी ठेवतात आणि पुठ्ठा बदलतात.

दुसरें ठिकाण म्हणजे पोथ्यांचा पहिला ओळीचा आरंभ. ‘सिद्धम्’ हा शब्द लेखांत अक्षरांनीं लिहिण्याऐवजीं पुढें एका वळणदार चिन्हानें दाखवूं लागले. ताम्रपटांच्या आरंभींचें हें चिन्ह पूर्वीं बहुतेक विद्वान् ‘ॐ’ असें वाचीत. तें वास्तविक ‘सिद्धम्’चें आहे, हें डॉ. दिनेशचंद्र सरकार यांनीं 1965 च्या आपल्या पुराभिलेखविद्येवरील ग्रंथांत सविस्तर मांडलें. गुजरात आणि मारवाडकडील पोथ्यांत तेंच चिन्ह झिजत झिजत ‘६०’ या आंकड्यासारखें दिसूं लागलें व दोन दंडांच्या मध्यें ‘॥६०॥’ असें लिहिलें गेलें. गुजरातींत त्याला ‘भले मींडुं’ म्हणतात. सूचीकार त्याला आंकडा समजतो, किंवा निरर्थक समजून वगळतो, आणि ‘श्रीगणेशाय नमः’पासून उतारा सुरू करतो. त्यामुळें छापील सूच्यांवरून हें चिन्ह कोणत्या प्रांतांत, कोणत्या शतकापर्यंत, कोणत्या लेखकांच्या हातीं चालू होतें, याचा कांहींच थांग लागत नाहीं. ज्यांच्या संग्रहीं शके 1600 च्या पूर्वींच्या मराठी पोथ्या आहेत त्यांनीं पहिल्या पानाचा आरंभ दंडासकट, चिन्हासकट, जसाच्या तसा उतरून मंडळाकडे पाठवावा. चिन्ह गणेशाच्या नमनापूर्वीं आहे कीं नंतर, आणि लेखकाचें नांव व गांव शेवटीं दिलें असल्यास तेंहि, बरोबर कळवावें.